लहान गाडीच का घेतली, मामाजी

मामाजी,

काल तुमची तेरवी झाली. पांढुर्ण्याचे माझे आईवडील आज सकाळी गेले, तुमच्या बहीण आत्याबाई रामाकोन्याला परतल्या, आणि आता या दुपारी घरात नुसता बाळूच्या श्वासाचा आवाज आहे. झोपला आहे तो. श्वास साफ आहे. मी दोनदा छातीवर हात ठेवून पाहून आले. तुमचा मुलगा बाहेरच्या खोलीत तुमची पुस्तकं आवरत बसला आहे. आवरत म्हणजे काय, तासाभरापासून एकच पुस्तक हातात धरून बसला आहे.

तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर मी सलग पाच वाक्यं बोलले नसेन. आधी हिंमत नव्हती, मग सवय नव्हती. आत्ताही लिहिताना वाटतं की तुम्ही चष्मा पुसाल, लाल पेन्सिल उचलाल आणि ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर गोल काढाल. सातवी पास सून हेडमास्तरांना पत्र लिहिते आहे. चुका होतीलच. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. तिथवर पोचायला मला थोडं मागून यावं लागेल.

सौंसरच्या या घरात आले तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची, आणि सर्वांत जास्त तुमची. तुमच्या चपलांचा आवाज ओट्यावर आला की मी पदर सारखा करून स्वयंपाकघराच्या दाराआड व्हायची. पाणी हवं असलं की तुम्ही भिंतीकडे पाहून ‘पाणी’ म्हणायचात आणि मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. आपल्यामधे बोलणारं कुणी नव्हतं. तुमचा मुलगा नागपूरच्या सचिवालयात कारकून. शनिवारी संध्याकाळी छोट्या लाइनच्या गाडीनं यायचा, सोमवारी पहाटे जायचा. मधले पाच दिवस घरात मी, तुम्ही, आणि पुढे बाळू.

बाळू दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या छातीनं पहिल्यांदा दगा दिला. पहाटे मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज आला म्हणून मी उठले, तर तो आवाज त्याच्या घशातून येत होता. ओठ निळे. तेव्हापासून मी कान देऊनच जगते आहे. सौंसरच्या डॉक्टरांनी नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांच्या इंजेक्शनानं उतार पडला, आणि माझ्या डोक्यात एकच पक्कं बसलं. नागपूर जवळ आहे तोवर बाळू आहे.

आणि मग छप्पन साली राज्याची वाटणी झाली. तुमच्या मित्रानं, वकीलसाहेबांनी, आपल्या ओट्यावर नकाशा पसरून पेन्सिलीनं रेघ दाखवली होती. नागपूर मुंबईकडे गेलं. आपण मध्यप्रदेशातच राहिलो, आणि राजधानी गेली भोपाळला. बोरगावच्या पलीकडे थोड्याच अंतरावर ती रेघ होती. तुमच्या मुलाला फायलींच्या पेट्यांबरोबर भोपाळला जावं लागलं, म्हणजे शनिवारही गेले. मी दाराआडून नकाशाकडे पाहत होते. फाळणीच्या वेळी पेपरात वाचलेलं सगळं मला आठवत होतं. वाटलं, तिथं आता तारेचं कुंपण घालतील. बाळूचा डॉक्टर पलीकडे राहील आणि आम्ही अलीकडे.

मी काही बोलले नव्हते. तरी तुम्ही भिंतीकडे पाहून म्हणालात, “रस्ता त तोच आहे. कोणी उचलून नेत नाही त्याले. फक्त आता आपल्याजवळ गाडी पायजे.”

वकीलसाहेब हसले. त्यांना वाटलं, गंमत करताय.

तुम्ही पेन्शनीतले हेडमास्तर. रामाकोन्याजवळची संत्र्याची लहानशी बाग होती तिचा अर्धा तुकडा तुम्ही आत्याबाईंच्या दिरांना विकला. त्याच सुमारास एका मालगुजारांची मोठी अमेरिकन गाडी विकायला निघाली होती. मालगुजारी गेली होती आणि त्यांना ती पोसवत नव्हती. लांबलचक हिरवी गाडी, चकचकीत, आत सोफ्यासारख्या सीटा. आणि नागपूरला एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंची लहान काळी विलायती गाडी होती, मडगार्डाला पोचे पडलेली. दोन्हींची किंमत जवळजवळ सारखीच.

“मास्तर,” वकीलसाहेब ओट्यावर बसून म्हणाले, “तेवढ्याच पैशात हत्ती मिळून राहिला, अन् तुम्ही बकरी घेऊन राहिले!”

“बकरी दारात बांधता येते, वकीलसाहेब.”

“थट्टा नका करू. लोक काय म्हणतील?”

मग तुम्ही वर्गात शिकवावं तसं बोटांवर मोजत सांगू लागलात. मी आत भाकरी थापत होते आणि हात थांबवून ऐकत होते. “आपल्या गल्लीत ते मोठं धूड शिरंन, पण वळंन का? पोस्टापर्यंत उलटं जावं लागंन. पेट्रोल सौंसरात डब्यानं मिळते. ती डबाभर पिऊन सावनेरलेच बसंन, ही तेवढ्यात नागपूर गाठंन. तिचा एखादा पार्ट गेला त मुंबईहून यायची वाट पाहा. हिचं इंजन गणपत मिस्त्रीनं पाहिलं. म्हणे, मास्तर, हे त विहिरीवरच्या पंपासारखं आहे, झाकण उघडलं की खालची जमीन दिसते. बॅटरी उतरली त हँडल मारून चालू होते. अन् रस्त्यात बंद पडली त दोन बायांनी ढकलली तरी सरकली पायजे.”

सगळे हसले. “बाया कायले ढकलतील मास्तर?”

तुम्ही चष्मा पुसू लागलात. मी आत बसून रागावले होते, आणि घाबरलेही होते. मला वाटलं, ढकलायला मला नेणार आहात.

तुम्ही गणपत मिस्त्रीकडून चालवायला शिकलात, साठी उलटल्यावर. गाडी इतकी हळू चालवायचात की बैलबंड्यावाले मागून हाका मारायचे. महिन्यातून एकदा बाळूला घेऊन आपण नागपूरला जायचो. मी मागे, बाळू मांडीवर, डोळे रस्त्याच्या कडेवर. कुंपण काही कुणी घातलं नव्हतं. एक बांबू आडवा टाकलेला नाका होता आणि एक शिपाई कागद पाहायचा. तरी प्रत्येक वेळी तो बांबू दिसला की मी बाळूला घट्ट धरायची. आज सोडलं नाही तर?

तिसऱ्या खेपेला, बोरगावच्या अलीकडे, कापसानं भरलेला एक बंडा समोरून आला. भर उन्हात, पांढराशुभ्र, रस्त्याच्या मधोमध. मला तो लांबूनच दिसला. वाटलं, आता तुम्ही गाडी बाजूला घ्याल, आता घ्याल. तुम्ही सरळच चालला होतात.

“मामाजी, बंडा!”

सहा वर्षांत तुम्हाला मारलेली माझी पहिली हाक ती. तुम्ही ब्रेक दाबलात. बैलाचं शिंग आपल्या दिव्याला लागून खण्णकन वाजलं. बंडेवाल्यानं शिव्या दिल्या, मग मास्तर दिसले म्हणून हात जोडले. घरी येईपर्यंत मी तुमच्या मानेकडे पाहत होते. ती घामानं भिजली होती. तेव्हा मला कळलं की तुम्हाला नीट दिसत नाही. आणि हे मला कळलं आहे, हे तुम्हालाही कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही भिंतीला म्हणालात, “तयार हो. बाळूले शेजारी काकूजवळ ठेव.”

गावाबाहेरच्या माळावर तुम्ही गाडी थांबवलीत, उतरलात, फिरून आलात आणि चालवायच्या बाजूचं दार उघडलंत. “बस इकडं.”

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. हात जोडले. तुम्ही पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून म्हणालात, “हात जोडून गाडी चालत नाही, सूनबाई.” मी बसले. पदर कपाळावरून डोळ्यावर येत होता. “तो पदर खोच. डोळ्यावर आला त ब्रेक लावायची वेळ कशी समजंन?” सासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं बसायची मला इतकी लाज वाटली की पहिले आठ दिवस मी रस्ता कमी आणि माझे गुडघेच जास्त पाहिले. पायाखाली पाहिलं तर तिन्ही पेडलांवर लाकडाच्या गुटक्या ठोकलेल्या होत्या. म्हणून तर माझे आखूड पाय पोचत होते. वाटलं, डॉक्टरीणबाई बुटक्या असतील.

गावात बोलणं सुरू झालं. मास्तरची सून मोटर हाकते. शेजारच्या काकूनं मला विहिरीवर विचारलं, “तुझ्या नवऱ्याले माहीत आहे का वं?” माहीत नव्हतं. मी पत्रात लिहिलंच नव्हतं. तुम्हीही लिहिलं नव्हतं, हे मला नंतर समजलं.

मी वाईट विद्यार्थिनी होते, मामाजी. चढावर गाडी मागे जायची, उतारावर पुढे. ब्रेक आणि क्लच या दोन पायांचा हिशेब मला जमायचा नाही. तुम्ही ‘ढ’ म्हणायचात, अगदी वर्गातल्यासारखं, आणि मला रडू यायचं. पण उन्हाळा संपेपर्यंत मी बोरगावपर्यंत जाऊन येऊ लागले, तुम्ही शेजारी, काठी गुडघ्यांत धरून. माझी भीती गेली नाही. फक्त भीती वाटत असतानाही हात कसे चालवायचे ते मला आलं.

मग तो पोळा.

माहेरी पांढुर्ण्याला पोळ्यासाठी जायचं होतं. आपण गाडीनंच गेलो. दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावची दगडफेक. लहानपणापासून मला त्या दिवसाची धास्ती. सकाळपासून जाम नदीकडून आरडाओरड ऐकू येते, दुपारनंतर डोकी बांधलेली माणसं गल्लीतून जाऊ लागतात. त्या दिवशी दुपारी बाळूची छाती आवळली. इतका वाईट झटका आधी आला नव्हता. खांदे वर, मान आत ओढलेली, आणि प्रत्येक श्वासाला तोच बारीक आवाज. माझे वडील धावत डॉक्टरांकडे गेले. तिथं ओट्यापासून रस्त्यापर्यंत पांढुर्ण्याची आणि सावरगावची फुटलेली डोकी एकाच रांगेत बसली होती. डॉक्टरांनी तरी मधेच येऊन बाळूला पाहिलं, होतं ते इंजेक्शन दिलं. वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, “हे पुरणार नाही. ऑक्सिजन लागंन. नागपूर गाठा.”

दुपारची रेल्वे निघून गेली होती. पुढची संध्याकाळी.

तुम्ही गाडीच्या किल्ल्या काढल्यात आणि माझ्यासमोर धरल्यात. माझ्या आईवडिलांसमोर, चुलत्यांसमोर. वडील म्हणाले, “व्याहीबुवा, तुम्ही चालवा ना. पोरीले कायले?” तुम्ही म्हणालात, “तिची नजर चांगली आहे.” एवढंच.

मागे आई बसली, बाळूला उभं छातीशी धरून. तुम्ही माझ्या शेजारी. गावाबाहेर पडेपर्यंत रस्ता माणसांनी भरलेला होता, आणि त्या गर्दीतून ती एवढीशी गाडी दोन बंड्यांच्या फटीतून निघाली तेव्हा मला तुम्ही बोटांवर मोजून दिलेली कारणं आठवली. हॉर्न वाजवायचं मला सुचत नव्हतं. तुम्ही खिडकीतून हात काढून “पोरगं आहे, सरका रे, पोरगं आहे” म्हणत होतात.

मग पाऊस लागला. नाक्याच्या अलीकडच्या नाल्यावर आलो, तर त्यावरचा फरशीचा ठेंगणा रपटा पाण्याखाली. रपट्याला कठडा नाही, खांब नाही. दोन्हीकडे एकच गढूळ पाणी पसरलेलं, दगडाची फरशी कुठं संपते ते कळायला मार्ग नाही. मी गाडी थांबवली. मागे बाळूचा आवाज लहान होत चालला होता. दम्याचा आवाज लहान होतो तेव्हा तो बरा होत नसतो, हे मला माहीत होतं.

“परत जाऊ,” आई म्हणाली.

तुम्ही उतरलात. इंजनाचं झाकण उघडून, पान्यानं, डोळे जवळजवळ मिटूनच, हातानं चाचपत पंख्याचा पट्टा ढिला केलात. “पंखा फिरला की पाणी इंजनावर उडवते. मिस्त्रीनं दाखवलं होतं.” मग धोतर वर खोचलंत, काठी घेतलीत आणि पाण्यात शिरलात. मागे वळून म्हणालात, “मी कडा पाहत जातो. माझ्या पाठीमागं ये. पहिल्या गिअरमधी, क्लच नको सोडू-धरू. मी थांबलो की थांब.”

ज्याला भर उन्हात कापसाचा बंडा दिसला नव्हता, तो माणूस काठीनं पाण्याखालची कडा शोधत माझ्या पुढे चालला होता. पाणी तुमच्या पिंढऱ्यांपर्यंत, मग गुडघ्यांपर्यंत. मी तुमच्या पाठीवरून नजर काढली नाही. ओली पांढरी बंडी, तिच्या आतली खांद्याची हाडं. मी मोठ्यानं रडत होते आणि चालवत होते.

मधे तुम्ही थांबलात. काठी डावीकडे खोल गेली होती. मी ब्रेकवर पाय ठेवला. आत शिरलेल्या पाण्यानं लाकडाच्या गुटक्या ओल्या झाल्या होत्या. पाय घसरला, गाडी तिथल्या उतारावर पुढे सरकली, आणि बंपर तुमच्या गुडघ्यांमागे लागला.

तुम्ही पडलात, मामाजी. काठी वाहून गेली. एक क्षण मला फक्त तुमचा एक हात दिसला, पाण्यावर, बोटं पसरलेली. मग त्या हातानं गाडीचा दिवा पकडला. तुम्ही उभे राहिलात. चष्मा गेला होता. तोंडावरून पाणी गळत होतं. काचेच्या पलीकडून तुम्ही माझ्याकडे तोंड करून उभे राहिलात, आणि मला वाटलं, आता तुम्ही ओरडाल. तुम्ही वळलात. काठी नव्हती म्हणून पाय पुढे सरकवत, अनवाणी बोटांनी कडा चाचपत चालू लागलात, आणि मागे न पाहता हात हलवलात. ये. ये.

आईचे डोळे मिटलेले होते. तिनं काही पाहिलं नाही.

नाक्यावरच्या शिपायानं कागद मागायला हात पुढे केला, मागच्या सीटकडे पाहिलं आणि बांबू वर उचलला. बाकी नागपूरपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. दवाखान्यात त्यांनी बाळूला माझ्या आईच्या हातातून घेतलं आणि नळी लावली. दिवेलागणीला त्याच्या ओठांचा रंग परत आला. तेव्हा मी बाहेर आले, तर तुम्ही बाकावर ओल्या धोतरात बसला होतात, हात गुडघ्यांत, दात वाजत होते. एका नर्सनं तुमच्या पायावरची जखम पाहून विचारलं, हे काय झालं.

“नाल्यात पाय घसरला,” तुम्ही म्हणालात. “पाण्याले जोर होता.”

मी समोर उभी होते. मी काही बोलले नाही.

माझ्या वडिलांना तुम्ही तेच सांगितलंत. वकीलसाहेबांना तेच. भोपाळहून धावत आलेल्या तुमच्या मुलालाही. प्रत्येक वेळी मी चहाचा कप ठेवून आत जायची. आता सांगीन, उद्या सांगीन. भीती वाटायची. कशाची, ते मला अजून सांगता येत नाही. तुम्ही रागवाल याची नव्हती. तुम्ही ‘ढ’ म्हणाला असतात तर मला बरंच वाटलं असतं. मला वाटतं, शब्द तोंडातून निघाला की ते खरं होईल, याची होती.

त्यानंतर आपलं भांडण झालं. सासरा-सुनेचं पहिलं आणि शेवटचं. तुमच्या मुलाला भोपाळला क्वार्टर मिळालं आणि तुम्ही म्हणालात, “जा तुम्ही दोघं माय-लेकरं. तिथं मोठा दवाखाना आहे. गाडी घेऊन जा.” मी म्हटलं, “अन् तुम्ही?” “मी इथंच बरा.” मग माझ्या तोंडून निघून गेलं, “तुम्हाले दिसत नाही, मामाजी! चूल पेटवाले गेले त घर पेटवसान!”

तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. पुन्हा भिंतीला ‘पाणी’. त्या आठ दिवसांची मी तुमची माफी मागत नाही, कारण मी खरं बोलले होते. पण ज्या खऱ्याची माफी मागायची होती, ते मी गिळून बसले होते, आणि ज्यानं तुम्हाला लाज वाटेल ते मोठ्यानं ओरडले. हे मला खुपतं.

खोकला पोळ्यापासूनच होता. थंडी पडली तसा तो खाली उतरला. सौंसरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वय आहे, फुप्फुसं कमजोर आहेत. मी त्यांना दाराशी गाठून विचारलं, पाण्यात भिजल्यानं? ते म्हणाले, त्याला आता तीन महिने झाले. हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. या प्रश्नाबरोबर मला राहायचं आहे.

त्या दिवसांत गणपत मिस्त्री तुम्हाला पाहायला आला होता. तुमचा डोळा लागला होता, तर ओट्यावर बसून मला म्हणाला, “बाई, त्या गुटक्या ढिल्या झाल्या असतील, बदलून देतो. मास्तरनं गाडी आणली त्याच दिवशी ठोकून घेतल्या होत्या. मले म्हणे, माझ्या सुनेची उंची एवढी आहे,” आणि त्यानं स्वतःच्या खांद्याखाली हात धरून दाखवला. “मोठी गाडी पाहाले गेलो होतो तेव्हा पण आधी तेच मोजलं त्याहीनं. सीट मागं, पेडल दूर. म्हणे, ही कामाची नाही, तिले नाही जमणार.”

म्हणजे बंड्याच्या आधीच. पहिल्या दिवसापासून. तुम्हाला तुमचे डोळे माहीत होते, आणि सगळ्या ओट्यासमोर तुम्ही पेट्रोल सांगितलंत, गल्ली सांगितलीत, पार्ट सांगितलेत. खरं कारण भिंतीआड भाकरी थापत होतं.

गेलात त्याच्या दोन दिवस आधी, सकाळी, मी तुम्हाला पेज भरवत होते. आता भिंतीकडे पाहायचं बंद झालं होतं. मी चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, “मामाजी, त्या दिवशी नाल्यात...”

तुम्ही हात वर केलात. श्वास घेत घेत, थांबत थांबत म्हणालात, “ओल्या पायानं... गुटकी घसरते. त्याच्यावर... रबर ठोकून घे. सायकलच्या ट्यूबचं.” आणि मग पेजेच्या वाटीकडे बोट दाखवलंत.

तुम्हाला माहीत होतं. पाण्यातून उठून उभे राहिलात तेव्हापासून. नर्सला, वडिलांना, पोटच्या मुलाला सांगताना. तुम्ही मला माफ केलंत की माफीचा विषयच येऊ दिला नाहीत, मला माहीत नाही. मी तुम्हाला भरवत राहिले. मला बोलू द्यायला हवं होतंत, मामाजी. तेवढी एक तक्रार माझी राहील. तुम्ही माझं ओझं हलकं करायला गेलात, पण ते माझ्याजवळच राहिलं.

तुमच्या अस्थी रामाकोन्याला कन्हान नदीत सोडायला गेलो तेव्हा मीच चालवलं. तुमचा मुलगा शेजारी कलश धरून बसला होता. त्यानं मला चालवताना पहिल्यांदा पाहिलं. वाटेत तो एवढंच म्हणाला, “तू शिकत होतीस तेव्हा बाबांनी मला काहीच कसं कळवलं नाही?” मी रस्त्याकडे पाहत राहिले.

इथवर लिहून झालं आणि मी कागद खाली ठेवले होते; पुढचं परत येऊन लिहिते आहे. वाटलं होतं, तुम्हाला सांगितलं की संपेल. संपलं नाही. मी उठले, बाहेरच्या खोलीत गेले आणि तुमच्या मुलासमोर जमिनीवर बसले. रपट्यापासून सांगितलं. गुटकी, बंपर, तुमचा पाण्यावरचा हात. माझे दात वाजत होते. मला खात्री होती की तो उठून जाईल, आणि पुन्हा कधी माझ्याकडे नीट पाहणार नाही.

तो उठला नाही. तेरा दिवसांत तो रडला नव्हता. पुस्तक छातीशी धरून तो आता रडला, इतक्या मोठ्यानं की शेजारची काकू दारात येऊन उभी राहिली. मग डोळे पुसून म्हणाला, “मी भोपाळात फायलींना टाके घालत बसलो होतो. ते पाण्यात, तू पाण्यात, अन् मी तिथं.” पुस्तक खाली ठेवून म्हणाला, “बाळूला हे सांगू नको कधी. त्याच्यासाठी झालं, असं त्याला वाटंन.”

मी म्हटलं, “सांगणार आहे. मोठा झाला की. पाण्याले जोर होता, असं नाही सांगणार.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. आत बाळू जागा झाला आणि त्यानं तुम्हाला, त्याच्या आबांना, हाक मारली. मी त्याच्याकडे जाते आहे.